पाच एप्रिलची पुनव

सोम. २१ मार्च २००५, जुन्नर
मस्कतहून ई-मेल! यात्रेची आपण काढलेली वेबसाइट कोणीतरी वाचतं! कांतिलालशेठच्या सुनेच्या, मनीषावहिनींच्या सायबर कॅफेत उभ्यानेच वाचला. येडगावचा दत्तू, तिकडे क्रेन चालवतो. 'अण्णा, साइटवर यात्रेची तारीख बघून रजा टाकली. २ एप्रिलला येतो, १२ला परत. लेकीचं जावळ देवापुढं काढायचंय.' नवसाची लेक, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली.
अंगावर मूठभर मांस चढलं. घरी म्हणालो, कीर्ती सातासमुद्रापार. सौ. : 'मस्कतला एकच समुद्र लागतो.'

मंगळ. २२
दाढी करताना हात थांबला. यात्रा चैत्री पुनवेला. पुनव २४ एप्रिलला! साइटवरची ५ एप्रिल ही गेल्या वर्षीची. मधे अधिक श्रावण येऊन गेला. तो सगळ्या तालुक्याला मीच पेपरातल्या माझ्या बातमीतून समजावला होता. साइट मात्र वर्षभर उघडली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर एक जानेवारीला उतरतं, साइटीला खिळा नाही.
५ एप्रिलला कृष्णपक्ष. दत्तू रिकाम्या देवळात येणार, रिकामा जाणार.
अर्ध्या दाढीनिशी कॅफेत. पासवर्ड? त्याच जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. कॅलेंडर? घरी, सौ.ने फळीवर डब्यांखाली अंथरलेलं. हळदीच्या डागातून अक्षरं लावली. तारीख बदलली. दत्तूला मेल.

बुध. २३
एस्टीने येडगाव. दत्तूचे आबा ओट्यावर.
'आबा, पोराला पुनव सांगायची नाही का?'
'सांगितली व्हती की! त्ये म्हनलं, तुमाला न्हाई कळत, अण्णांनी कांपुटरवर टाकलंय. मंग मलाच वाटलं, औंदा देवानं तारीक बदलली आसंल.'
आतून म्हातारी : 'अण्णा लई शिकल्यालं हायती.' एवढंच. पुरलं.
येताना यात्राच अलीकडे ओढता येईल का, असा पापविचार शिवून गेला.

शुक्र. २५, होळी
दत्तूचं उत्तर. साहेबाने माझ्या पानाची छापील प्रत रजेच्या अर्जाला लावलीये. म्हणतो, 'आता चोवीस कशी? पुरावा दाखव.' म्हणजे पुरावा पुन्हा मीच!
वहिनी : 'नुसती तारीख बदलून भागायचं नाही अण्णा. खाली बघा, गेल्या वर्षीचे पाहुणे अजून "येणार आहेत". बिचाऱ्यांना वर्षभर वाटेवर ठेवलंय तुम्ही.'
सगळं पान झाडायला बसलो. साल घातलं, तिथी घातली. ५ एप्रिल चुकून राहिली होती, हेही कबूल केलं. वहिनींनी साहेबासाठी तीन ओळी इंग्रजीत टाकल्या. चार वाजले. पोळी गार. खोटं कशाला बोलू, मजा आली. 'अद्ययावत' हा शब्द वीस वर्षं बातम्यांत फुकट खर्च केला, अर्थ आज कळला.

मंगळ. २९
दत्तू : साहेबाने स्वतः साइट उघडली, दोनदा वाचली. उद्या सांगतो म्हणाला. तिकीट अजून २ तारखेचंच.

बुध. ३०
कॅफे उघडायच्या आधी मी पायरीवर. वहिनी हसल्या, कुलूप माझ्याच हातात दिलं.
पान बघणाऱ्यांचा आकडा कालच्यापेक्षा अकराने वाढलाय. त्यातले सात मी. उरलेले चार कोण? साहेब? दत्तू स्वतः?
आबांचा शेठच्या दुकानात फोन : 'पोरीच्या केसाला कात्री लावू दिली न्हाई मी. इचारा त्याला, कवा येतोय.'
बारा वाजले. मेल नाही. पानाच्या तळाशी 'शेवटचा बदल : २५ मार्च' दिसतंय. पाच दिवस शिळं. ३० केलं. आता पुन्हा ई-मेल उघडून बघतो, साहेबाचा निरोप आलाय का.