पन्हाळ्यावर वाजलेली तबकडी

अव्वा,

तुमच्या बँडमधला ड्रमवाला परवा गेला. आता चौघांतलं कुणीच उरलं नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

माझी आई, तू, लग्नाआधी रॉक बँडमध्ये गात होतीस, हे मला शाळा संपेपर्यंत ठाऊक नव्हतं. कळलं तेही मावशीकडून. तोवर तुझ्या गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज जाडाभरडा झाला होता. आरतीलासुद्धा तू नुसते ओठ हलवायचीस. म्हणून दोन हजार सालानंतर एका सकाळी तो ड्रमवाला थेट स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, ‘‘अक्का, परत वाजवूया,’’ तेव्हा मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. ‘‘फाटक्या ढोलावर कोण थाप मारतंय रं?’’ तो म्हणाला, ‘‘आमची तरी बोटं कुठं सरळ हायत? हाय त्या आवाजात म्हण की.’’

आप्पा जेवायला बसले होते. तो गेल्यावर म्हणाले, ‘‘ह्या वयात? लोक काय म्हणतील?’’ तू त्यांच्या ताटात भाकरी टाकलीस. ‘‘इतकी वर्सं गप बसलो, तवा लोक काय म्हणालं?’’ आप्पांनी भाकरी मोडली. पण तुला तालमीला सोडायला ते कधी आले नाहीत; गुळाचे सौदे आहेत म्हणायचे.

उद्यमनगरात ड्रमवाल्याचं वर्कशॉप होतं. रविवारी मशीन बंद असायची, तेव्हा तिथं तालीम. मी तुला स्कूटरवरून न्यायची. पहिल्या दिवशी वरच्या सुरात तुझा आवाज चिरकला आणि तू चपला घातल्यास. गिटारवाल्यानं तारा सैल केल्या आणि तेच गाणं खालच्या सुरात घेऊन वाजवायला लागला. तू दाराशी उभी राहून ऐकलंस. मग तिथूनच, चपला न काढता, म्हणायला लागलीस. तो आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. गोड तर नव्हताच.

तुम्ही गाणी रेकॉर्ड केलीत तेव्हा सगळीकडं सीडी चालत होत्या, पण ड्रमवाला हटून बसला: काढायची तर तबकडीच. त्यानं परदेशातल्या मेव्हण्याकडून ती करवून आणली. खोका आला, कव्हरवर तुम्ही चौघं, आणि ऐकायला प्लेअर कुणाकडंच नाही! शेवटी पन्हाळ्यावरच्या एका लॉजमालकाकडं आहे असं कळलं. आपण जीपमधून गेलो. आप्पा आपणहून बसले, पुढच्या सीटवर.

लॉजच्या धुकं शिरलेल्या हॉलमध्ये तुझा आवाज सुरू झाला. तू पदराचं टोक पिळत जमिनीकडं बघत होतीस. गाणं संपल्यावर आप्पा मालकाला म्हणाले, ‘‘पावणं, परत लावा.’’

‘‘काय कळलं तुमास्नी?’’ तू विचारलंस.

‘‘गाणं न्हाय कळलं,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पर एवढं तुझ्या पोटात हुतं, हे म्हायती न्हवतं.’’

तू हसली नाहीस. नुसती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलीस, आणि सगळी तबकडी पुन्हा ऐकली. त्यानंतर तू फार काळ राहिली नाहीस. आप्पांनी नंतर प्लेअर घेतला, तो आता माझ्याकडं आहे.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. ती गाणी मला तेव्हा आवडली नव्हती, अजूनही फारशी आवडत नाहीत. पण तबकडीच्या मागच्या बाजूला शेवटच्या गाण्याआधी तू खाकरतेस आणि हळूच म्हणतेस, ‘‘हं, चला.’’ ते कापायचं राहून गेलंय. मी तेवढंच ऐकते, आणि गाणं सुरू व्हायच्या आत सुई उचलते.