मावशी काय म्हणते?

मामा, साष्टांग नमस्कार. मावशीची नोकरी मी घालवली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र फाडायचंच असेल तर पुढचं वाचायचे कष्ट नकोत. पाय कसा आहे? प्लास्टरमध्ये खाजलं तर विणायची सुई घाला, पट्टी घालू नका, ती आत अडकते (कसं कळलं विचारू नका). मोबाईल सोडून कागदावर का लिहितोय ते पुढे कळेलच.

लाँड्रीच्या टेम्पोवर तुम्ही नाही म्हटल्यावर मला तिथं करमेना. दिवसभर ओल्या चादरी ओढून माणसाला काहीतरी सुचतंच. मी पुडी सोडली, की साहेब टकलावर केस लावून घेणार. पण प्रत्येकाला आकडा वेगळा. इस्त्रीवाल्याला दोन हजार केस, मशीनवाल्या जाड्याला तीन हजार, घडीच्या टेबलावर आपल्या मावशीला चार हजार. मग बसलो बघत, कुठला आकडा किती मोबाईल फिरून माझ्याकडे परत येतो. सोमवारी इस्त्रीवाला जिंकला. मंगळवारी त्याची पाळी बदलली आणि त्याचे दोन हजार दारातच गळाले. जाड्या जेवणाच्या सुट्टीपुरता राजा, नंतर त्याला कुत्रं विचारत नाही. पण मावशीचे चार हजार सगळ्या पाळ्यांत, तिच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा! आणि ती स्वतः कोणाला काही पाठवत नाही हो. लोकच विचारतात, "मावशी, खरं का गं?" ती "असेल बाबा" म्हणाली, की बसला शिक्का.

साहेबांना कळलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. तर त्यांनी चक्क खुर्ची दिली. "हुशार आहेस रे. आपल्या सूचना लोकांपर्यंत पोचत नाहीत. इथं कोणाचं ऐकतात, लिहून दे." मामा, आजवर मला हुशार कोणी म्हटलं नव्हतं (शाळेत तर बाकसुद्धा मला वैतागला होता). दिलं लिहून. एकच नाव, खाली दोन रेघा.

शुक्रवारी मावशीला काढलं. सोमवारी आणखी अकरा जणांना. कोणी हूं की चूं केलं नाही. सगळे मोबाईल हातात धरून एकमेकांना विचारत होते, मावशी काय म्हणते? मावशीला लाँड्रीच्या ग्रुपमधून आधीच काढलेलं. अकरांत जाड्याही गेला. जाताना म्हणाला, "तुझं बरंय लेका, तुला खुर्ची मिळते."

मावशी घरी धुतलेले टॉवेल उलगडते आणि परत घडी घालते. म्हणते, "चुगली कोणी केली ते कळू दे, मुस्काट फोडते." आणि मलाच जेवायला वाढते. मी परत मागून घेतो. नाही घेतलं तर तिला संशय यायचा.

तुमचा भाचा

ता.क. साहेबांनी परत खुर्ची दिली. विचारलं, आता कोणाचं ऐकतात? मी म्हटलं, कोणाचंच नाही. खोटं बोललो. खोड जात नाही, मी तोवर नवे आकडे सोडून बघितले होते. मावशीला काढलं आणि आठवड्यात सगळ्या वाटा बदलल्या. या वेळी पाळीपाळीतून फिरून आला तो आकडा मी फक्त तुम्हाला सांगितला होता. घरी पडल्या पडल्या सगळ्यांचे फोन तुम्हीच घेता ना.

आणखी एक. हा खेळ साहेबांना आता माझ्याशिवायही जमतो. रविवारी ते तुम्हाला बघायला येणार आहेत. निघताना हळूच काहीतरी सांगतील. ते फक्त तुम्हालाच सांगितलेलं असेल, माझ्या आकड्यासारखं. मामा, पाया पडतो, ते कोणाला बोलू नका. खरं वाटलं तरी, कोणाच्या भल्याचं वाटलं तरी. कोणी रडत विचारलं तरी नाही. आणि हे पत्र मावशीला तर नाहीच, मामीलासुद्धा नाही. कोणालाच नाही.