हजेरीतला यशवंत

२८ नोव्हेंबर १९८८, सोमवार. धुळे

दिवाळीची सुटी संपली. दहावीचं दुसरं सत्र. विज्ञानाच्या नव्या बाईंनी प्रयोगशाळेत मुलगा-मुलगी अशा जोड्या लावल्या. वर्गात एकच गलका. मंगलाला सगळ्यात बावळट मुलगा मिळाला, ती रडायच्या बेतात. मला यशवंत. (इथून पुढे य. लिहीन. ताई वही चोरून वाचते.)

य. नरडाण्याचा, इथे बोर्डिंगात राहतो. जूनपासून एका वर्गात आहोत, एक शब्द बोललेला नाही. आज परीक्षानळी धरून म्हणतो, "एका वेणीला लाल रिबन, दुसरीला काळी. हा पण प्रयोग आहे का?"

सकाळी घाईत घातल्या होत्या. दिवसभर कोणाला दिसलं नव्हतं. इतका राग आला, आणि...

असो.

३० नोव्हेंबर

स्नेहसंमेलनाच्या नाटकात य. प्रधान. मी पडद्याआडून वाक्यं सांगणार. तो मुद्दाम विसरतो आणि माझ्याकडे कान करून उभा राहतो. मंगला म्हणाली, "सुलभे, हा दिवाळीत बदलून आलाय." खरंच. पूर्वीचा य. मुली समोरून आल्या की भिंतीला चिकटायचा.

३ डिसें., शनि.

कळण्याची भाकरी आणि ठेचा नेला होता, जास्तच. य.ला दिला. हातात धरला, वास घेतला, परत ठेवला. "तोंडाला चव नाही." त्याला कधी डबा खाताना पाहिलंच नाही. पाणी पितानाही.

शाळा सुटल्यावर फाटकाशी थांबले. सगळे गेले, शिपायाने कुलूप लावलं. तो बाहेर आलाच नाही.

४ डिसें., रवि. नरडाणा

आईबरोबर मामाकडे आले. मामा इथे स्टेशनावर नोकरीला.

जेवण झाल्यावर मामी म्हणाल्या, गल्लीत एका मुलाला टायफॉईड झालाय, बघून येऊ. मी आपली मागे मागे गेले. ओसरीवर खाट, गोधडी, उशाशी मोसंबी. खाटेवर य.

गाल बसलेले, ओठ फुटलेले. पण तोच. डाव्या भुवईवरची खूणसुद्धा.

त्याची आई म्हणाली, "दिवाळीना पाडवापाइन असाच पडेल शे, माय."

मी विचारलं, "मग शाळेत?"

"शाळामा कथा जाई वं? खाटवरथीन उतरस नई. आज रविवार, आज जरासं बरं शे. इतर रोज वळखत बी नई." मग मामींना म्हणाली, "हाऊ तापमा रिबन रिबन काय करस, काय समजस नई."

मामी हसल्या. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रोजच्या बोलण्याची ओळख नव्हती त्यात. एका वर्गातली मुलगी आपल्या ओसरीवर कशी, एवढंच. लाजून गोधडी वर ओढून घेतली.

५ डिसें., सोम.

वाटलं होतं आज बाक रिकामा असेल. सरांनी य.चा सत्तावीस नंबर पुकारला. "हजर सर." खणखणीत.

मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

शाळेनंतर मंगलाला घेऊन बोर्डिंगात गेले. नाटकाची वही द्यायचीय म्हणून सांगितलं. गृहपाल म्हणाले, "तो दिवाळीला गेला तो आलाच नाही. वडिलांचं पत्र आलंय, आजारी आहे." खोलीला कुलूप, कडीवर धूळ. मंगला म्हणते, बाहेर कुठे खोली घेतली असेल, मुलं थापा मारतात. तिला नरडाण्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

७ डिसें.

आज विचारलं. प्रयोगशाळेत, बाई पाठमोऱ्या असताना.

"रविवारी मी तुला नरडाण्याला पाहिलं."

तो हसला नाही. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर बोट धरून उभा राहिला. मी हात खेचला. हात माठासारखा गार, बोटाला काही नाही.

"तू जातोस कुठे शाळा सुटल्यावर?"

"सुटत नाही ना शाळा," म्हणाला. "घंटा होते आणि मी परत प्रार्थनेच्या रांगेत उभा असतो. मधलं काही नसतं. आधी मला वाटलं, सगळ्यांचंच असं होत असेल."

१० डिसें., शनि.

मामींचं कार्ड आलं आईला. शेवटी त्या मुलाबद्दल दोन ओळी. रविवारी उठून बसतो, पेज पितो, आणि सोमवार उजाडला की पुन्हा बेशुद्धी. दर आठवड्याला आणखी खालावतो. डॉक्टर म्हणाले, पुढचे आठ दिवस काढले तर काढले.

कार्ड चार वेळा वाचलं. रविवारी शाळा नसते.

१२ डिसें., सोम.

तालमीनंतर सभागृहात दोघेच होतो. बाहेर मुलं पताका लावत होती. कार्डातलं सगळं सांगितलं. म्हटलं, तू इथे येतोस म्हणून तो तिकडे...

त्यानेच पुरं केलं. "मरतोय."

"हो."

"परवा नाटक आहे, सुलभा."

पहिल्यांदा नाव घेतलं. कधीही घेतलं असतं तरी चाललं असतं, आजच घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "उद्या हजेरीला उत्तर देऊ नकोस." कुठून सुचलं माहीत नाही. तो दिवसभरात एवढंच काय ते नेमाने करतो, म्हणून असेल.

"मग तो येईल. पण तो तुझ्याशी बोलणार नाही. मी ओळखतो ना त्याला."

"मी बोलेन."

तेव्हा हसला. "तू? तू वहीसुद्धा मंगलाच्या हातून पाठवतेस."

मग विचारलं, "तुला कोण हवंय?"

डोळ्यांसमोर त्याची आई ओसरीवर मोसंबी सोलत बसलेली दिसत होती. म्हटलं, "तू उत्तर देऊ नकोस, बस." आणि पळत बाहेर आले.

१३ डिसें., मंगळ.

सव्वीस. हजर सर.

सत्तावीस.

मी मागे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. ओठ घट्ट मिटलेले, लहान मूल औषधाला मिटतं तसे. सर पुन्हा म्हणाले, "सत्तावीस?" सरांनी वहीत खूण केली. "अठ्ठावीस."

तेवढ्यात मी वहीकडे पाहिलं असेल, नाहीतर पापणी लवली असेल. परत बघते तर शेजारच्या मुलाने दप्तर सरकवून त्या जागी ठेवलं होतं. आरामात. जणू रोजच तिथे ठेवतो.

१४ डिसें.

प्रधान दुसऱ्यानेच केला. वाक्यं पाठ होती त्याला, मला काही सांगावं लागलं नाही.

१८ डिसें., रवि.

मामा आले होते. त्या मुलाचा ताप मंगळवारी सकाळी उतरला. मामा म्हणाले, शाळा भरायच्या वेळेला उठून बसला आणि भाकरी मागितली. आईची रडारड, सगळी गल्ली गोळा.

मी आत जाऊन तोंड धुतलं.

२ जाने. १९८९, सोम.

आला. टक्कल, त्यावर माकडटोपी, गळ्याला मफलर. मुलं विचारत होती, "आयत्या वेळी नाटकाला दांडी का मारलीस रे?" तो गोंधळून म्हणाला, "मी तर गावालाच होतो." सगळे हसले. थापाड्या म्हणाले. तोही मग कसानुसा हसला. सरांच्या हजेरीत बारा डिसेंबरपर्यंत तो हजर आहे, सरांनाही काही वाटलं नाही.

माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. व्हरांड्यात समोर आले तर भिंतीला चिकटला.

५ जाने.

तीन दिवस तयारी करून आज नळापाशी गाठलं. "आता बरं वाटतं का?"

"हो."

कान लाल. मीही पुढचं वाक्य विसरले. सांगायला पडद्याआड कोणी नव्हतं. पण बोलले. मी बोलले.

८ जाने., रवि.

काल संध्याकाळपासून अंग मोडून आलंय. दिवसभर पांघरूण घेऊन पडून होते. आईने काढा दिला. दुपारी कधी झोप लागली कळलंच नाही, पाचला उठले.

९ जाने., सोम.

कणकण होती तरी शाळेत गेले. सायकल काढत होते, तर य. स्वतःहून आला. मफलरशी चाळा करत म्हणाला, "काल तू नीट पोचलीस ना धुळ्याला?"

"कुठून?"

"आमच्याकडून, नरडाण्याहून. काल घरी गेलो होतो मी. दुपारी आली होतीस ना. आईबरोबर शेंगा फोडल्यास. आईला तू फार..." इथे अडखळला. "आई विचारत होती, सगळं बठ्ठं आपल्या माणसासारखं बोलते, कोणाची पोर."

मी सायकल पुन्हा स्टँडवर लावली.

"आणि तुझ्याशी काय बोलले मी?"

टोपीखालचं सगळं डोकं लाल झालं त्याचं. "ते मी कसं सांगू? तूच बोललीस." दोन पावलं गेला, परत आला. "रविवारी पुन्हा येते म्हणालीस. येशील ना?"

हो म्हटलं.

आता आई दिवा लावतेय. थर्मामीटर कुठे ठेवलंय म्हणून ताईला विचारतेय, उद्या मला दवाखान्यात न्यायचं म्हणते. मी सांगितलं, काही नाही, बरी आहे. अंग तर नुसतं भाजतंय. पण औषधाने ताप उतरला, तर रविवारी तिकडे कोण जाणार?