कनकेश्वरावर उभी होडी

बोडणी,
दि. ६ ऑक्टोबर

चि. रचनास,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत सुके बोंबील आणि जवळा आहे. न्हावा शेव्याहून कंटेनर घेऊन गावातला कान्हा तुमच्या बंगळूरला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्रही देते. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर बोलायला लागले की तुझा दीपेशदादा कान टवकारून शेजारी उभा राहतो, आणि मला त्याचीच कागाळी करायची आहे.

सरकारनं बोटींवर नवी पेटी बसवून दिली. तिच्यावर वादळाची सूचना येते, लाल बटण दाबलं की किनाऱ्यावर निरोप जातो, बोट कुठं आहे तेही कळतं. आपल्याच देशाच्या उपग्रहांवर चालते म्हणे, म्हणजे तुमच्या ऑफिसात ज्यांचं काम चालतं त्यांच्यावर. तुझा दादा बंदरातून निघताना ती चालू ठेवतो आणि मासळीची जागा जवळ आली की वायर काढून टाकतो. ती जागा बाबांनी मरण्याआधी त्याला एकट्याला दाखवलेली. बोट चालवणारा तांडेल आपली जागा सख्ख्या भावाला सांगत नाही, तर सरकारला कशाला सांगेल. आपल्याकडं मासळी कुठं लागली विचारलं की प्रत्येकजण उलट्या दिशेला हात करतो, हे तुला मी काय सांगायचं.

मी भांडले, तर म्हणतो, जुना जीपीएस हाय की बोटीवर, आणि तो परक्यांचा हाय तेच बरं. अमेरिकेला काय आपली पापलेटं न्यायची न्हाईत, आपल्याच मानसांना न्यायची हायेत. पण रचना, गेल्या महिन्यात त्याच जुन्या यंत्रानं भर दर्यात आपली होडी कनकेश्वराच्या डोंगरावर उभी आहे असं दाखवलं. खलाशी पोट धरून हसले. घरी सांगताना दादाही हसला. मी मात्र तेव्हापासून होडी दिसेपर्यंत चूल पेटवत नाही. एवढा पैसा ओतून देशानं स्वतःची यंत्रणा उभारावी, की परक्यांची फुकट मिळतेय ती वापरावी? तू शिकलीस, तूच सांग.

लोभ आहेच, तो बोंबलांसारखा सुकू देऊ नकोस.

तुझी,
नूतनवहिनी


बंगळूर,
दि. १५ ऑक्टोबर

ती. सौ. नूतनवहिनीस,
सा. न. वि. वि.

बोंबील पोचले. डबा उघडल्याबरोबर घरमालकीणबाई वर धावत आल्या, गॅस गळतोय का म्हणून. त्यांना बसवून चटणी खाऊ घातली, आता त्याच पुढच्या डब्याची चौकशी करतात.

कनकेश्वराचं वाचून मी हसले नाही. दादाच्या यंत्राचा अँटेना जुना झाला असेल, किंवा कुणीतरी खोटे संकेत सोडले असतील. देशादेशांत तणाव वाढला की असे प्रकार होतात, त्यात विमानंही चकतात. नेमकं काय झालं ते मला इथून सांगता येत नाही, आणि भीती त्याचीच वाटते.

तू विचारलंस तो वाद आमच्या कँटीनमध्ये रोज चालतो. कुणी म्हणतं, तयार आहे ते वापरा आणि पैसा शाळा-दवाखान्यांना द्या. मी उभारा म्हणणाऱ्यांतली. यंत्रणा ज्याची, चावी त्याच्या हातात. उद्या त्यानं ती फिरवली तर आपण कुणाच्या दारात जाऊन विचारणार? पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, आपली यंत्रणा अजून अपुरी आहे. हवेत तितके उपग्रह धड चालू नाहीत, काहींच्या आतली घड्याळं बंद पडली आहेत, आणि घड्याळ चुकलं की जागाही चुकते. शिवाय परक्यांचे संकेत दडपता येतात तसे आपलेही येतात.

दादाची शंका मात्र मी ऑफिसात नेली. बोटींच्या जागा कोण कोण बघू शकतं, हे मी साहेबांना विचारलं. फक्त अधिकारी, असं ते म्हणाले. त्या अधिकाऱ्यांचे मेहुणे मासळीच्या धंद्यात नसतील, याची हमी मी कशी देऊ? तरीही त्याला सांग, पापलेटं गेली तर पुढच्या हंगामात पुन्हा येतील. वायर काढायची नाही. माझी शपथ घाल.

आईला नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, लिहायची थांबू नकोस.

तुझी,
रचना


बोडणी,
दि. २७ ऑक्टोबर

चि. रचनास,
आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला एवढंच सांगितलं की दादाची बोट आली नाही. आई समोर बसली होती, बाकीचं बोलवेना. हे पत्र पोचेपर्यंत काय ते बरंवाईट कळलेलं असेल. तरी लिहिते, नुसतं बसवत नाही.

तुझी शपथ घातली तेव्हा तो बरं म्हणाला होता. पण वादळाची सूचना आली, गावातल्या सगळ्या बोटींच्या पेट्या वाजल्या, सगळ्या माघारी फिरल्या, आणि आपली नाही. अधिकाऱ्यांच्या पडद्यावर तिचा शेवटचा ठिपका खांदेरीच्या पुढं दिसतो, मग काही नाही. म्हणजे त्यानं वायर काढली. सूचना आली तेव्हा पेटी मेलेली होती.

अधिकारी विचारायला आले, तांडेल कुठं जातो म्हणून. मी मुरुडकडं म्हणून सांगितलं, कारण निघताना त्यानं मला तेच सांगितलं होतं. तेवढ्यावर त्यांनी तिकडं शोध सुरू केला. मग गणराज आला. आपल्या चुलत घराशी बाबांच्या काळापासून बोलणं नाही, तरी आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून, मान खाली घालून म्हणाला की दीपेश मुरुडला नाही, खांदेरीवरून उलटा वळून वसईच्या रोखानं आत खोल दर्यात जातो. ती जागा त्याला कधीची ठाऊक आहे. दीपेश नसला की तोही तिथंच जाळं टाकतो. एवढं बोलून तो बोट काढायला गेला. लोकांनी अडवलं, थांबला नाही.

रचना, तुझ्या दादानं बायकोलाही उलट दिशा सांगितली गं, आणि मी ती खरी मानून सगळ्यांना उलट धाडलं. वारा अजून कमी होत नाही. आई जेट्टीवरून हलायला तयार नाही, मी तिच्याकडं चालले आहे.

लोभ काय लिहू. देवाला सांग.

नूतन


बोडणी,
दि. ९ नोव्हेंबर

चि. रचनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गणराजनं बोट ओढून आणली हे तुला फोनवर कळलंच. आता दादा घरी नाही म्हणून निवांत लिहिते. लाटेचं पाणी इंजिनात गेलं होतं. जुनं यंत्र पुन्हा भलतीकडंच बोट दाखवायला लागलं, तेव्हा त्यानं पेटीची वायर लावून पाहिली, पण तिचं टोक खाऱ्या पाण्यात भिजून गेलेलं. कुलदीप खलाशाची हाताची दोन बोटं दोरात सापडून तुटली. दादा रोज त्याच्या घरी जाऊन बसतो.

पेटी मात्र त्यानं दुरुस्त करून घेतली आणि वायर कायमची जोडून टाकली. तुझी शपथ अशी उशिरा पाळली. मला बरं वाटायला हवं होतं. पण आता तो पूर्वी कधी जात नव्हता इतका आत जातो. गणराज जोडीनं जाऊ म्हणाला, तर याचं म्हणणं, आता जोडी कशाला, वर रचना बसलीय, ती बघते. खलाशांनाही तो हेच सांगतो, आणि तीही पोरं निर्धास्त झालीत. आईसुद्धा हल्ली जेट्टीवर जात नाही.

मीच एकटी घाबरट राहिले. तू खरंच बघत असतेस ना गं?

उत्तर लवकर धाड, लोभ त्यातच कळेल.

तुझी,
नूतनवहिनी


बंगळूर,
दि. १४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीला येणारं पत्र या वेळी तुझ्या नावानं आहे. ते तू स्वतः वाच, आणि खलाशांनाही वाचून दाखव.

दादा, मी बघत नसते. मी दिवसभर उपग्रहांतल्या घड्याळांचे आकडे तपासते, त्यात कुठलीही होडी दिसत नाही. एकेका बोटीवर डोळा ठेवून कुणीच बसलेलं नसतं. तू लाल बटण दाबलंस तर निरोप जाईल, पोचला तर पोचेल, मग कुणीतरी निघेल. जितका आत जाशील तितका त्याला उशीर होईल.

हे लिहिलं तर तू पुन्हा वायर काढशील, या भीतीनं मी आधी गप्प राहायचं ठरवलं होतं. पण मी वर बसले आहे असं समजून तू बुडावंस, ही भीती त्याहून मोठी निघाली. आपली यंत्रणा हवीच, हे मी उद्याही कँटीनमध्ये भांडून सांगेन. ती आपली आहे म्हणून कधी चुकणार नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, मी सांगितलं तरी. पेटी चालू ठेव, आणि गणराजदादाची बोट डोळ्यांना दिसेल एवढ्यातच जाळं टाक. ती जागा त्याच्यापासून लपवण्यात आता काय अर्थ उरलाय?

पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तू घरी असशील की दर्यात, मला कळायला मार्ग नाही. घरी असलास तर तसा एक फोन कर.

लोभ असू दे, आणि तो करायला तू असू दे.

तुझी,
रचना