मंगळावर कोणी जावं

अष्टमी (रोहा),
१२ जुलै १९९७

चि. कमळाकर यास विमलताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही सगळी खुशाल असाल. गणपतीचा हंगाम, मूर्तींच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसेल, तेव्हा उत्तराची घाई नाही. इकडे पाऊस मनासारखा आहे. कुंडलिका लाल होऊन पुलाखालून धावते आहे. हे गेल्यानंतरचा पहिलाच पावसाळा.

टीव्हीवर मंगळ पाहिलास का? अमेरिकेची छोटीशी गाडी तिथल्या दगडधोंड्यांतून फिरते आहे. बातम्यांत सांगत होते की पुढेमागे माणूसही पाठवतील, पण जाण्यापेक्षा परत आणणं अवघड. जायलाच सात-आठ महिने, आणि दोन्ही ग्रह पुन्हा जवळ येईपर्यंत परतीची वाट नाही. मी म्हणते, परत आणायचंच कशाला? माझ्यासारखी मागे कोणी नसलेली माणसं पाठवावीत. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, तिथली मोजमापं घेता येतील की मला!

रानभाजी विकायला ठमी येते, तिला हे सांगितलं. ती म्हणाली, तिथं पानी नाय, पाला नाय, मग बाई तिथं जाऊन करनार काय? मी म्हटलं, इथे तरी काय करते आहे? ती एरवी नेहमी हसते, पण तेव्हा हसली नाही.

चि. सौ. सिंधूला आशीर्वाद. लोभ आहेच, सवडीने चार ओळी लिहीत जा.

तुझी,
विमलताई


पेण,
२४ जुलै १९९७

ती. विमलताईस कमळाकरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. मुंबईच्या मंडळांच्या मूर्ती आधी जातात आणि डोळे आखायला माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून उशीर झाला.

मंगळाचं मला पटत नाही. यंत्र काम करतंय ना? त्याला जेवण नको, घरची आठवण नको. माणूस न्यायचा तर त्याचा श्वाससुद्धा बरोबर भरून न्यायचा. जमेलसं वाटत नाही, आणि जमलंच तरी हाती काय, मूठभर दगड? त्यासाठी कोणाचा जीव टांगणीला लावू नये. सिंधू विचारते आहे की ताईंना तिकडे लोणचं पाठवायचं तर पोस्ट किती घेईल.

पण एका ओळीवर मी अडकलो. ‘मागे कोणी नसलेली’ असं तू लिहिलंस. आई गेली तेव्हा तूच मला लहानाचं मोठं केलंस. मागे कोणी नाही, तर ताई, हे पत्र कोणाला लिहिलंस? इकडे राहायला ये म्हणतो, तर येत नाहीस.

रागावू नकोस. धाकट्यावरचा लोभ कमी करू नयेस.

तुझा,
कमळाकर


अष्टमी (रोहा),
५ ऑगस्ट १९९७

चि. कमळाकर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लागलं मला. उत्तर तोंडानेच द्यावं म्हणून रविवारी एसटीने पेणला आले होते. तुला कळलं नाही, कारण मी आत आलेच नाही.

रस्त्यापलीकडे छत्री घेऊन उभी होते. ताडपत्रीखाली ओळीने मूर्ती, पोरं रंग कालवत होती, सिंधू चहा देत होती. तू एका मूर्तीच्या डोळ्यांशी वाकला होतास. कोणी काहीतरी बोललं आणि तू हसलास. तुला असं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मी शिरले असते तर तुला हात धुवावे लागले असते, पोरांना खुर्ची पुसून द्यावी लागली असती, आणि सगळे गप्प झाले असते. स्टँडवर चहा घेतला आणि परतीची गाडी धरली.

वाटेत तुझं म्हणणं पटलं. यंत्रच बरं. लांबून बघावं, कोणाला अडचण करू नये. माणूस पाठवू नये, कमळाकर. वादात तू जिंकलास.

सिंधूला यातलं काही सांगू नकोस. तब्येतीला जप, उभ्याउभ्या जेवू नकोस. बाकी माया आहे तशीच आहे.

तुझी,
विमलताई


पेण,
९ ऑगस्ट १९९७

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पत्र दुपारी आलं. त्यानंतर एकही डोळा आखता आला नाही. सिंधूला सांगितलं. ती तुझ्यावर नाही, माझ्यावर चिडली. म्हणाली की रस्त्यापलीकडे ताई उभ्या होत्या आणि तुमची मान वर झाली नाही.

तू पाहिलीस ती गर्दी रोजंदारीची आहे. मूर्ती गेल्या की पोरंही आपापल्या गावी जातात. मग ताडपत्रीखाली मी एकटा बसतो, रंगाचे डबे घासत. हे तुला कधी लिहिलं नाही.

आणि हे जिंकणं मला नको. माझंच म्हणणं चुकलं. लांबून बघायचं तर यंत्र पुरे, पण ते जिथे पोचतं तिथे कुणाच्या दारावर थाप मारीत नाही. त्यासाठी माणूसच गेला पाहिजे, कितीही लांब असो, खर्च किती का होईना.

मंडळवाले ओरडतील, ओरडू देत. बुधवारी पॅसेंजरने रोह्याला येतो आहे. चार दिवस राहीन. परत येताना तू बरोबर आलीस तर बरंच, नाही आलीस तर पुन्हा येईन. स्टेशनवर येऊ नकोस, पाऊस आहे. तू फक्त घरी थांब.

तुझा,
कमळाकर