अंगठे बाहेर

ता. ९, मंगळवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं, पोच द्यायला उशीर झाला. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा पायऱ्यांवर कुरकुरतो, पण सपाटीवर ते अजून मला मागे टाकतात. तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरांनी तुला दगडांवरून गाड्या हाकणं कमी करायला सांगितलंय, असं आत्याकडून कळलं. कारखान्यात तुला दुसरं काही काम देतील का?

दर वर्षी चार ओळी खरडणारी ही आज एवढे कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. सांगते. पण आधी गाडीबद्दल सांगते, ते मला सोपं जातं.

चार महिन्यांपूर्वी आमच्या आरोग्य केंद्राला नवी गाडी मिळाली. तुमच्याच कारखान्याची, ती छोटी, चौकोनी. पहिल्या दिवशी आमचे डॉक्टर तिच्याभोवती फिरून म्हणाले, "सिस्टर, ही वाढायची राहिली आहे का?" मला तिच्यात बेडकी दिसत होती.

बाबांना वीज कंपनीने दिलेली ती गाडी तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. कापडाचं छप्पर, खाली असे कडक कमानपाटे की चिंचोक्याएवढ्या दगडावरूनही ती उडी मारायची, म्हणून तर तू तिला बेडकी म्हणायचास. चढ आला की बाबा खाली उतरणार, गुडघे टेकून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यावरची कळ हाताने फिरवणार, मगच चारही चाकांना जोर मिळणार. आत बोलायचं तर ओरडावं लागे. तरी खांबांच्या रांगेमागे ती डोंगरावर कुठेही जायची. नंतर पोस्टमनकाकांकडे त्याच कारखान्याची पुढची गाडी आली, तिला लोखंडी छप्पर होतं आणि खिडक्यांना खऱ्या काचा. मास्तरीणबाईंची त्याच्याही पुढची, तिच्या गोल स्प्रिंगांमुळे पाठीचे हाल थांबले, आणि उतरून गुडघे टेकायची गरजही संपली. आता ही. चार पिढ्या झाल्या, पण सगळ्या एकाच घरच्या लेकी वाटतात. कपडे बदलले, चालणं सुधारलं, नाक तेच राहिलं. आणि तो छोटा दांडाही तिथेच आहे, मोठ्या गिअरच्या शेजारी, जो ओढला की गाडी मुंगीच्या चालीने आणि बैलाच्या ताकदीने निघते.

रोजच्या कामाला तर ती इतकी सोयीची आहे, की डॉक्टर आता स्वतःच्या घरची कामंही तिच्यात उरकू बघतात. बाजाराच्या गल्लीत दोन हातगाड्यांच्या मधून जाते. जिथे माणसाला वळता येतं तिथे ती वळते. आसन उंच, त्यामुळे कोपऱ्यावरून येणारी सायकल आधी दिसते. पोटुश्या बायका दाराजवळची मूठ धरून "थांब गं, मी चढते" म्हणत स्वतः चढतात, त्यांना कुणी हात दिलेला आवडत नाही. दोष आहेतच. मागची सीट उघडी असेल तर सामानाला जागा म्हणजे एक पिशवी आणि एक छत्री. मोठ्या रस्त्यावर वारा सुटला की ती डुलते, आणि ट्रकवाले मागून भोंगे वाजवतात. तुझी तक्रारपेटी असेल तर यातलं वाऱ्याचं टाक.

आता मागच्या गुरुवारचं.

नदीवरचा पूल पंधरा दिवस बंद आहे. मधला एक खांब खचला. इस्पितळ पलीकडे, आम्ही अलीकडे. पायी जाणाऱ्यांसाठी दोर बांधून फळ्या टाकल्या आहेत, त्यावरून धडधाकट माणूस जातो, पण स्ट्रेचर नेता येत नाही. सकाळी आठ वाजता सुतार धावत केंद्रात आला. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलटकरीण. मी तपासलं. बाळ पायाळू होतं आणि त्याचे ठोके मधूनच मंद पडत होते. फोनवर इस्पितळातल्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, हे तिथे करू नका. तासाभरात टेबलावर हवी." रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर येऊन उभी राहील म्हणाल्या. आमचे डॉक्टर आणि ड्रायव्हर आदल्या दिवशी पायी पलीकडे गेलेले, ते तिकडेच होते.

नदीतून गाडी घालायची जागा कुठे आहे हे गावात एकच माणूस नेमकं सांगू शकत होता. मी घरी गेले. बाबा अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. मी म्हटलं, "बाबा, जुनी उताराची वाट दाखवायला चला. बाई अडली आहे." त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि विचारलं, "चालवणार कोण?" मी म्हटलं, "मी." ते माझ्याकडे बघत राहिले. दादा, त्या प्रकारानंतर बाबांनी स्वतः स्टिअरिंगला हात लावला नाही आणि माझ्या गाडीत ते कधी बसले नाहीत. चपला घालून ते निघाले.

मागची सीट पाडून सुताराच्या बायकोला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी. उरलेल्या जागेत सुतार घडी घालून बसला. नदीच्या काठावर मी छोटा दांडा ओढला. बाबा म्हणाले, "संथ दिसतं तिथे खोल आहे. पाणी पांढरं होऊन खळखळतंय ना, तिथून घे. तिथे तळ वर आहे. थांबायचं नाही, घाई करायची नाही."

पाणी दाराच्या तळाला लागलं. खालून दगड हलल्याचं मला पायाला कळत होतं. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, जणू तिला हे रोजचंच. मागून सुताराची बायको म्हणाली, "ताई, तुम्ही थांबू नका, मी थांबवून धरलंय." बाबा चक्क हसले.

नदी पार झाली आणि खरी अडचण समोर आली. पलीकडचा चढ पावसाने कापला होता, मध्ये खोल घळ, दोन्हीकडे ओली माती. बाबांनी बघितलं आणि हळूच म्हणाले, "इथून बेडकी मागे फिरायची." मागे फिरणं म्हणजे काय, हे गाडीतल्या चौघांनाही ठाऊक होतं.

मी गाडी चढाला लावली. अर्ध्यावर पुढचं डावं चाक घळीवरून हवेत गेलं आणि नुसतंच गरगरायला लागलं. गाडी थांबली. मागे घसरेल असं वाटलं. पण ती घसरली नाही. मी पाय उचलला नाही, तसाच धरून ठेवला. मग खालून टक टक टक असा आवाज यायला लागला, कुणीतरी दार वाजवावं तसा. हवेतलं चाक आपोआप आवरलं गेलं आणि तो सगळा जोर बाकीच्या चाकांकडे गेला. एक वीत. आणखी एक वीत. पुढे फक्त आभाळ दिसत होतं. मग नाक खाली आलं आणि समोर रस्ता, रस्त्यावर रुग्णवाहिका.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. तीस वर्षं त्यांनी डोंगरात गाड्या चालवल्या, त्यांना मी कशानेही असं थक्क झालेलं पाहिलेलं नाही. ते म्हणाले, "हिने स्वतः ओळखलं. कुठलं चाक उपाशी आहे आणि कुठलं वाया चाललंय, हे हिने स्वतः ओळखलं."

मुलगी झाली. दोघी छान आहेत. पायाळू म्हणून सुतार तिला आत्तापासूनच "उलटी" म्हणतो आणि बायकोची बोलणी खातो.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. चहा केला, कपडे वाळत टाकले, शेजारणीशी बोलले. उरलेलं लिहायला बसणं काही केल्या होईना. आता बसते.

इस्पितळाच्या आवारात आम्ही बाकावर बसलो होतो. बाबांनी विचारलं, "तुला गाडी कुणी शिकवली?"

मी म्हटलं, "ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, लायसन्ससाठी."

"तिथे अंगठे आत घालून स्टिअरिंग धरायला शिकवतात," ते म्हणाले. "तुझे दोन्ही अंगठे पूर्ण वेळ बाहेर होते. दगड लागून स्टिअरिंग उलटं फिरलं तर अंगठा मोडतो, म्हणून बाहेर. या नव्या गाडीत त्याची गरजही नाही. बेडकीत होती. ते मी एकालाच शिकवलं होतं."

दादा, मी बावीस वर्षं हा प्रश्न येण्याची वाट बघत होते आणि तो येऊ नये म्हणून जपतही होते. मी सगळं सांगितलं. तू मला सुकलेल्या तळ्यात रविवारी चोरून शिकवायचास. त्या दिवशी तू झोपला होतास, मीच किल्ली घेऊन एकटी बेडकीला बाहेर काढलं. उतारावर ब्रेक लागेना तेव्हा मी उडी मारली, आणि ती जाऊन कंपनीच्या भिंतीवर आदळली. मी घरी येऊन पलंगाखाली लपले, तू मला तिथून काढलंस, माझा कोपर धुतलास आणि म्हणालास, "तू बोलू नकोस." बाबांनी विचारलं तेव्हा तू "मी" म्हणालास. बाबांची बढती गेली, वर्षभर त्यांना गोदामात बसवलं, आणि त्यांनी तुला सांगितलं की ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही त्याने माझ्यासमोर राहू नये. तू गेलास. मी पंधरा वर्षांची होते, हे पुढची एक-दोन वर्षं कारण म्हणून चाललं असतं. पण मग मी वीस झाले, तीस झाले. आई गेली तेव्हा तू आलास, परक्यासारखा कोपऱ्यात उभा राहिलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. मी तेव्हाही गप्प. बाबांच्या नजरेत मी शहाणी होते, ते मला सोडवेना. गप्प राहण्यामागे दुसरं काही कारण नव्हतं.

बाबांनी चपलेची ओली माती बाकाच्या पायाला पुसली. मग म्हणाले, "मी त्याला विचारलं तेव्हा तो तुझ्याकडे बघत होता. मला वाटलं, लाजेने बघतोय."

ता. १०, बुधवार

आज सकाळी केंद्रात गेले तर बाबा तिथे आधीच हजर. चौऱ्याहत्तरीचा माणूस सतरंजी टाकून गाडीखाली उताणा झोपलेला. नुसते पाय बाहेर. मला वाटलं चक्कर आली. आतून आवाज आला, "इथली, गाडी पेलणारी चौकट अजून बेडकीसारखी शिडीच्या आकाराचीच ठेवली आहे त्यांनी. बरं केलं."

मी खाली वाकले. गुरुवारपासून ते माझ्याशी बोलले नव्हते. जेवायचे, उठायचे, बाहेर जायचे. त्यांनी चाकांच्या आसावरची वाळलेली माती अंगठ्याने पुसली आणि विचारलं, "तो तिथे नेमकं काय करतो?"

मी सांगितलं. आत्याकडून जे कळलं तेवढं: नवी गाडी विकायला जाण्याआधी तू ती मोडेपर्यंत चालवतोस. दगडांवर, चिखलात, पाण्यात, चाक हवेत टांगून. कुठे मोडली ते लिहून देतोस, मग ते सुधारतात, मग तू पुन्हा मोडतोस.

"ही पण?"

"ही पण. सहा वर्षं."

ते गाडीखालीच पडून राहिले. बाहेर रुग्णांची रांग लागली होती, मला आत जायचं होतं, पण पाय निघेना. मग ते म्हणाले, "म्हणजे गुरुवारी त्या चढावर तोही होता." जरा वेळाने म्हणाले, "मी म्हटलं होतं याच्या हातात भरवसा नाही. आणि त्या पोरीचा जीव त्याच्या हातावर चढून गेला." मी त्यांना उठायला हात दिला. तो त्यांनी घेतला, दादा.

दुपारी मी हे पत्र त्यांना वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. तुझं नुकसान मी केलं, ते भरून येणारं नाही, आणि क्षमा मागायलाही मी बावीस वर्षं उशीर केलाय, हे पत्रात नव्हतं. ते मी तोंडी जोडलं आणि आता लिहिते. त्यांनी एकही शब्द खोडायला सांगितला नाही. पोस्टमनच्या हाती त्यांना त्यांची बाजू पाठवायची नाही. तुझा पत्ता तेवढा मागून घेतला, मोठ्या अक्षरात, आणि कपाटातून प्रवासाची बॅग काढली.

शनिवारी दुपारी आम्ही तुझ्याकडे येतोय. नदी फळ्यांवरून पार करू, पुढे दोन बस. मी फक्त बस बदलून द्यायला सोबत आहे, बोलायचं त्यांना आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मला समजेल, त्यांना मी समजावीन.

तुझी धाकटी बहीण,
जिच्या वाट्याचं तू इतकी वर्षं सोसलंस