आवाज फुटायच्या दिवसांत

बाई,

आज बुधवार पेठेत गेले होते, लेकीचा हेडफोन दुरुस्त करायला. तुमच्या गाण्याच्या क्लासच्या जिन्यात आता कुणा मोबाइलवाल्याची खोकी रचलीयत. तरी पायरीवर जरा थांबले. काय आवाज होता हो तुमचा! जाड, खर्जातला, पुरुषांच्या पट्टीतला. तुम्ही फोन उचललात की पलीकडचा विचारायचा, "साहेब, बाई आहेत का?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "बाईच बोलतायत. साहेबांचा आवाज लग्नानंतर कुणी ऐकलेला नाही." आणि काका पेपरामागे हसत बसायचे.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तुम्ही स्वयंपाकघरात गवार मोडताय, फोडणीचा वास आणि खालच्या दुकानातल्या रेडिओची खरखर एकदमच येतायत. माझा गंधार जरा उतरला की आतूनच ओरडता, "झोपला का गं तो? उठव त्याला." आवाज फुटायला लागलेल्या मुलांना मात्र गायला बंदी. "घसा सुतकात आहे," म्हणायचात आणि वर्षभर नुसता तंबोरा हातात द्यायचात. पोरं हिरमुसायची. आल्याचा चहा पहिल्यांदा त्यांनाच मिळायचा, याचा मला किती राग यायचा! किती सुखाचे दिवस होते, बाई. आवाज फुटणं म्हणजे आम्हाला कांजिण्यांसारखं वाटायचं, येतं आणि जातं.

आता माझ्याच घरात ते चाललंय. माझी लेक चौदाची आहे. जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून आम्ही पेढे वाटले होते. दोन वर्षांपूर्वी तिने सांगितलं, मी मुलगी आहे. मी चिडले, रडले, मग हळूहळू 'ती' म्हणायला शिकले. गाते सुरेख, तुम्ही मला दिलंत ते सगळं मी तिच्या गळ्यात घातलंय. आणि आता तो गळा फुटायला लागलाय. ती गात तर नाहीच, बोलतही नाही. जेवताना मीठ हवं असेल तर बोट दाखवते.

डॉक्टरांकडे नेलं. समंजस होत्या. म्हणाल्या, "हे बदल थांबवणारी औषधं आहेत. पण अठराच्या आतल्या मुलांना ती द्यावीत, असं कायदा कुठे स्पष्ट म्हणत नाही. मी लिहून देणार नाही. ऑपरेशनचं तर अठरापर्यंत नावच काढू नका." लेकीने मोबाइलवर टाइप करून त्यांच्यापुढे धरलं, "तोपर्यंत आवाज थांबेल?" त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग तिलाच खरं ते सांगितलं, "नाही. एकदा जाड झाला की औषधाने मागे फिरत नाही."

तुम्हाला एकदा मी आगाऊपणे विचारलं होतं, "बाई, आवाजाचं वाईट नाही वाटत?" वाटलं होतं, काहीतरी तिरकस ऐकवाल. "वाटतं ना," म्हणालात. "रोज वाटतं. चल, सा लाव." हे मी मोठ्या आशेने लेकीला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि कित्येक दिवसांनी बोलली, त्या चिरकणाऱ्या आवाजात, "पण त्या बाई आहेत हे कुणी नाकारलं नव्हतं ना, आई."

आज सकाळी तिची वेणी घालत होते. तिने विचारलं, "कायद्याने हो म्हटलं असतं, तर तू सही केली असतीस?"

"लगेच," मी म्हणाले. आरशात हसली, किती दिवसांनी. पोरीचं ते हसू बघून मला भडभडून आलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, बाई! तुमच्यापुढे माझा एकही खोटा सूर कधी खपला नाही, म्हणून लिहिते. डॉक्टर नाही म्हणाल्या, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.